डोंगराला घातलेली वई

मी आयुष्यात एकाच माणसाची मनापासून स्तुती लिहून दिली आणि त्या स्तुतीने त्याची चार वर्षं खाल्ली. तेव्हापासून कुणाचं कौतुक करायची वेळ आली की माझा हात आखडतो. ऑफिसातले लोक म्हणतात, सुहासिनी मॅडम फार तुसड्या आहेत. असू दे. मला त्याचं कारण माहीत आहे, त्यांना नाही.

त्या माणसाचं नाव अलीमियाँ सोलकर. गाव मंडणगड तालुक्यातलं, खाडीच्या वरच्या अंगाला. काम रास अल खैमाच्या डोंगरात खलफान नावाच्या अरबाबच्या दोनशे शेळ्या चारण्याचं. अरबाब म्हणजे मालक, आणि तिकडे मालक म्हटलं की त्यात व्हिसाही आला आणि पासपोर्टही.

मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते. शहाण्णव साली माझा नवरा उपेंद्र रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात लागला. मी कृषी रसायनशास्त्रातली एम.एस्सी., आणि वर्षभर घरात बसून लेकीला, श्रियाला, भाताचे घास भरवत होते. मग एका पशुखाद्याच्या कंपनीत नोकरी मिळाली. कारखाना शारजात, हमरिया फ्री झोनमध्ये. आमच्याकडे फक्त डेपो आणि दोन खोल्यांची लॅब. लोकांच्या गोठ्यातला चारा यायचा, तो मी वाळवायची, दळायची, त्यात प्रोटीन किती, चोथा किती ते काढायची. पुढचं वाक्य बॉसने ठरवून दिलेलं असायचं: तुमच्या चाऱ्यात कस कमी आहे, आमच्या गोळ्या घ्या.

खलफान गोळ्या घेत नव्हता. त्याच्या शेळ्या डोंगरातलंच खायच्या आणि तरी त्यांच्या अंगावर तेज होतं, दूध घट्ट होतं. बॉसला हे सहन होईना. जून अठ्ठ्याण्णवमध्ये त्याने मला पिकअपमध्ये बसवून वर पाठवलं. म्हणाला, "सुहासिनी, जाओ, उनके चारे में कुछ तो कमी निकालो."

ते डोंगर तुम्ही पाहिलेले नसतील तर सांगते, पहिल्या नजरेला तिथे काही म्हणजे काही नाही. दगड, दगडावर दगड आणि वर ऊन. मला वाटलं, इथल्या शेळ्या बहुतेक खडीच खात असाव्यात. एका झुडपाचा नमुना तोडायला गेले आणि बोटात काटा घुसला. "आई गं!" मी जोरात ओरडले.

"बोरीचा काटा आहे तो. उलटा ओढू नका, आत मोडेल," वरून आवाज आला. मराठीत.

मी बोट धरून तशीच खाली बसले. कातळावर एक उंच, वाळका माणूस उभा होता, डोक्याला चौकड्याचा रुमाल, हातात काठी. तो खाली आला, काटा कसा तिरका सरकवायचा ते दाखवलं, आणि मग म्हणाला, "मॅडम, जरा बोलत राहा ना. काहीही बोला. चार महिने समोरासमोर कुणाकडून मराठी ऐकली नाही."

मी काय बोलणार? विचारलं, "या शेळ्या खातात तरी काय इथे?" त्यावर अलीमियाँ दोन तास बोलले.

ती बोर, इथले लोक तिला सिद्र म्हणतात. ते गाफ, म्हणजे आपली शमी. समर म्हणजे बाभळीचा भाऊबंद, त्याच्या शेंगा उन्हाळ्यात पेंडीसारख्या. कपारीतलं ते अंजन गवत, आपल्या देशावर होतं तेच. त्या रुईला तोंड लावू द्यायचं नाही, आणि खालच्या ओढ्यात कण्हेर आहे तिथे तर शेळीला फिरकूही द्यायचं नाही. "देवळात वाहतात ती कण्हेर. इथे तिच्या वाळक्या पानांनी शेळी उभ्या उभ्या आडवी होते." तो माणूस एकेका झाडाबद्दल असं बोलत होता, जसं आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत स्थळाबद्दल बोलतात: घराणं चांगलं, पण स्वभाव तुरट.

मी दर महिन्याला वर जाऊ लागले. नमुने घ्यायचे, हे निमित्त होतं आणि कामही होतं. घरी आले की श्रिया नाक दाबून म्हणायची, "मम्मा, यू स्मेल लाइक अ गोट." उपेंद्र म्हणायचा, "तुझ्या त्या प्रोफेसरांचा काय निरोप?"

प्रोफेसरांची गोष्ट अशी होती. ऑक्टोबर त्र्याण्णवमध्ये ते आले ते बागेच्या कामाच्या व्हिसावर. विमानतळावरून गाडी थेट डोंगरात. बाग कुठे आहे विचारलं तर अरबाबने हसून डोंगराकडे बोट दाखवलं. निघाले तेव्हा बायको शहरबानू तीन महिन्यांची गरोदर होती. मुलगी झाली, सुमैय्या. मी त्यांना भेटले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि बापाने तिला पाहिलं नव्हतं. महिन्यातून एकदा पाण्याच्या टँकरबरोबर ते खाली गावात येत आणि फोन करत. पोरगी फोनवर म्हणायची, "तुम्ही कोण बोलता?"

करार दोन वर्षांनी रजा असा होता. पासपोर्ट खलफानच्या कपाटात होता. खलफान दुष्ट होता असं मुळीच नाही. तसा असता तर बरं झालं असतं, दुष्टाविरुद्ध तक्रार तरी करता येते. हा माणूस वेळेवर पगार द्यायचा, थंडीत नवं ब्लँकेट आणायचा, अलीमियाँना आपल्या ताटात जेवायला बसवायचा. रजेचं विचारलं की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इन्शाल्ला, ईद के बाद." वर्षाच्या दोन ईदी. मी भेटले तोवर दहा होऊन गेल्या होत्या.

"शहाण्णवमध्ये सरकारने माफी जाहीर केली होती ना," अलीमियाँ एकदा म्हणाले. "ज्यांचे कागद खराब त्यांनी खुशाल घरी जावं, कुणी अडवणार नाही. आमच्या तालुक्यातले तीन जण गेले. माझे कागद साफ होते, मी राहिलो."

हे सांगून ते हसले. मला हसू आलं नाही. खरं तर मला राग आला, त्यांच्या हसण्याचा. पण मग लक्षात आलं की उपेंद्रचा पासपोर्टही कारखान्याच्या तिजोरीतच आहे, फक्त आम्ही त्या तिजोरीला एच.आर. म्हणतो.

नमुन्यांमधून जे निघालं त्याने मी चकित झाले. एकच अंजन गवत, फेब्रुवारीत पाऊस पडून गेल्यावर त्यात प्रोटीन अकरा टक्के, जूनमध्ये चार. चार म्हणजे नुसती काडी. समरच्या पाल्यात प्रोटीन भरपूर, पण त्यातला तुरटपणा असा की रिकाम्या पोटी शेळीने तेच खाल्लं तर ते प्रोटीन पोटात बांधलं जातं, अंगी लागत नाही. अलीमियाँ सकाळी आधी गवतावर सोडायचे, पोटात चोथा पडला की मग समरकडे वळवायचे. उन्हाळ्यात डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला न्यायचे, तिथे सावलीमुळे गवत उशिरापर्यंत कोवळं राहतं. पावसानंतर कोवळी हिरवळ फुटली की पहिले आठ दिवस तासभरच, नाहीतर पोट फुगतं. हे सगळं मी चार पुस्तकं वाचून शिकले होते. ते त्यांच्या आईच्या सात शेळ्यांमागे फिरून शिकले होते.

शेजारच्या घळीतल्या कळपाचेही नमुने मी घेतले. तीच झाडं, तीच उंची, तीच शेळ्यांची जात. पण केस राठ, दूध पाणचट, दर उन्हाळ्याला पंधरा-वीस दगावलेल्या.

मार्च नव्व्याण्णवमध्ये मी रिपोर्ट लिहिला. माझ्या आयुष्यातला पहिला रिपोर्ट, जो बॉसच्या वाक्यावर संपत नव्हता. त्यात मी लिहिलं: "कळपाच्या उत्तम प्रकृतीचं कारण डोंगर नाही, गुराखी आहे. अलीमियाँ सोलकर यांना प्रत्येक वनस्पतीचा कस ऋतूप्रमाणे ठाऊक आहे. ते रोज बारा वाजता कळप गवताकडून समरकडे वळवतात. त्यांच्या जागी दुसरा माणूस आल्यास हा दर्जा टिकणं कठीण आहे." शेवटचं वाक्य लिहिताना मला अगदी धन्य वाटलं होतं. इतकी वर्षं ज्याला कुणी नावाने हाक मारली नाही, त्याचं नाव मी टाइप करत होते.

बॉसने कपाळाला हात लावला, पण गिऱ्हाईक खूश होईल म्हणून एक प्रत खलफानला पाठवली. बकरी ईद आठवड्यावर होती, अलीमियाँची बारावी. त्या वेळी मात्र खलफानने खरोखर तिकिटाची तारीख सांगितली होती.

एप्रिलमध्ये मी वर गेले. गोठ्याच्या सावलीत पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं, निळ्या दोरीने करकचून बांधलेलं. वर मोठ्या अक्षरांत नाव, गाव, तालुका. खोक्यावर एक करडू उभं होतं. मला वाटलं, निघायच्या गडबडीत असतील. पण अलीमियाँ नेहमीसारखे दगडावर बसले होते.

"ताई," ते म्हणाले. मॅडमची ताई मी कधी झाले ते मला आठवत नाही. "त्या कागदात तुम्ही काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं, आणि सांगता सांगताच मला कळलं.

खलफानच्या मुलाने तो रिपोर्ट बैठकीत सगळ्या पाहुण्यांसमोर अरबीत वाचून दाखवला होता. खलफानची छाती फुगली होती. मग त्याने अलीमियाँना बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि तिकडच्या अरबी-हिंदी खिचडीत, जिथे इंता म्हणजे तू, वाजिद म्हणजे फार आणि नफर म्हणजे माणूस, म्हणाला, "इंता वाजिद अच्छा नफर. इंता जायेगा, बकरी खलास. दुसरा अच्छा नफर आयेगा, फिर जाओ. इन्शाल्ला."

"छान लिहिलंत," अलीमियाँ मला म्हणाले. "पण आधी मला विचारायचं होतंत."

एवढंच बोलले. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते उठले आणि करडाला खोक्यावरून खाली उतरवलं.

मी खलफानकडे गेले. त्याने कॉफी दिली, खजूर दिला, भिंतीवर लावलेला माझा रिपोर्ट दाखवला. प्लॅस्टिकमध्ये घातला होता. मी रजेचं बोलले की तो माझ्या शब्दांनीच उत्तर द्यायचा: दुसरा माणूस आल्यास दर्जा टिकणं कठीण. मी अलीमियाँना म्हटलं, लेबर ऑफिसात तक्रार करू. ते म्हणाले, "काय लिहिणार? मालक माझ्यावर फार खूश आहे, असं?"

त्या वर्षी मला डोंगर नकोसा झाला. तरी जात राहिले. उन्हाळा गेला, आणि नोव्हेंबरात गेले तर एका घळीच्या तोंडाशी दगड रचलेले दिसले. त्यावर बोरीच्या वाळक्या काटेरी फांद्या, एकात एक अडकवलेल्या, कमरेपेक्षा उंच. पलीकडे कण्हेरीचा ओढा होता.

"वई," अलीमियाँ म्हणाले. हाताला कोपरापर्यंत ओरखडे होते.

कोकणात दरवर्षी घालतात ती वई, परसातली भाजी गुरांनी खाऊ नये म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण. त्यात माणसाला जायला-यायला एक बेडं ठेवतात, आडवे वासे सरकवून उघडायचं, सरकवून बंद करायचं. मी म्हटलं, "अहो, परसाला घालतात वई. डोंगराला कोण घालतं?"

"अरबाबला माझ्यासारखा माणूस पाहिजे. तो काही मिळायचा नाही, इथे टिकतो कोण? मग माझ्यासारखा डोंगर करून देतो त्याला."

ते म्हणाले तसं त्यांनी केलं, आणि त्याला तीन वर्षं लागली. कळप चरू लागला की ते दगड वाहायचे. कण्हेरीचे दोन ओढे बंद झाले. रुईची पट्टी बंद झाली. गोठ्यापासून अशी वई नेली की सकाळी सुटलेल्या शेळ्यांना आधी गवताचाच उतार लागेल, समरकडे जायची वाट त्याच्या शेवटी. उत्तरेच्या अंगाला एक बेडं, फक्त मेपासून उघडायचं. हिरवळीच्या खोलगट भागाला दुसरं, पावसानंतर आठ दिवसांनी उघडायचं. अशी पाच बेडी. कोणतं कधी उघडायचं एवढं ज्याला समजलं, त्याला झाडाचं एकही नाव ठाऊक असायची गरज नव्हती. आपल्या डोक्यात जे होतं ते सगळं त्यांनी दगडाकाट्यांत उतरवून ठेवलं.

गाढवं वई मोडायची, ते परत घालायचे. एकदा पुराच्या लोंढ्यात दोन महिन्यांचं काम वाहून गेलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा शिवी देताना ऐकलं, आणि ती डोंगराला होती की अरबाबला की मला, हे विचारायचा धीर मला झाला नाही. सुमैय्या सहा वर्षांची झाली, सात, आठ. फोनवर आता ती "तुम्ही कोण" विचारत नसे. "हां, आहेत, देते," म्हणायची आणि आईला द्यायची.

दोन हजार दोनच्या शेवटी अलीमियाँ म्हणाले, "वई झाली. आता तुमचा दुसरा कागद."

मी बॉसला समजावलं की ही एक नवी चराईची पद्धत आहे, आपण तिची चाचणी घेऊ, कंपनीचं नाव होईल. बॉसने खलफानला समजावलं. ठरलं असं: पाच आठवडे कळपामागे अक्रम जाईल. अक्रम म्हणजे पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, पेशावरकडचा पन्नाशीतला माणूस, शेळी आणि मेंढी यांतला फरक सांगताना अडखळणारा. अलीमियाँनी गोठ्यातच बसायचं, कळपाला हाकही मारायची नाही. पाच आठवड्यांत दूध आणि अंग उतरलं नाही तर बकरी ईदनंतर पासपोर्ट. ती विसावी ईद होती.

"या वेळी माझं नाव नको," अलीमियाँ मला म्हणाले. "कुठेच नको. वई घालणारा कोण, तेही नको."

त्यांना ते पाच आठवडे आधीच्या नऊ वर्षांपेक्षा जड गेले असतील. मी दर चार दिवसांनी जायची. ते दगडावर, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून. वर कळपाच्या घंटा वाजायच्या आणि नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की शेळ्या कुठे आहेत, काय खाताहेत. "आता उतारावर. आता वळायला पाहिजेत. वळा गं बायांनो, वळा." हे ओठांतल्या ओठांत. इथे आपली काही गरज नाही हे सिद्ध व्हावं, म्हणून तो माणूस देवाची करुणा भाकत होता. असली प्रार्थना मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेली नाही.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी खलफान स्वतः आला. गोठ्याशी खुर्ची टाकून अलीमियाँच्या शेजारी बसला. मी नमुन्यांच्या पिशव्या मोजत होते. एकाएकी अलीमियाँ ताठ झाले. मान वर, कान घंटांकडे.

मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. कण्हेरीच्या पहिल्या ओढ्याशी वईला भगदाड पडलं होतं. रात्री गाढव घुसलं असावं. कळप गवत संपवून त्याच बाजूला उतरत होता, पुढे एक म्हातारी तांबडी शेळी, मागे दोनशे. अक्रम लांब कातळावर पाठ करून विडी पेटवत होता. ओढ्यात वाळकी पानं पसरलेली.

अलीमियाँनी एक हाक मारली असती तर कळप जागच्या जागी वळला असता. आणि खलफान म्हणाला असता, पाहिलंस, तुझ्याशिवाय खलास. हाक मारली नाही तर शेळ्या मेल्या असत्या, आणि खलफान तेच म्हणाला असता. त्यांचे हात गुडघ्यांवरून सुटले होते. अर्धे उठलेले, आणि तसेच थांबलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं असेल तर ते त्या एका नजरेत होतं.

"सर, एक सॅम्पल रह गया," मी खलफानला म्हटलं आणि पिशवी घेऊन वर निघाले. पळायचं नव्हतं, पळाले असते तर संशय आला असता. लॅबचा पांढरा कोट, पायात ऑफिसच्या चपला, आणि मी घरच्या गॅलरीत फिरावं तशी दगडांवरून चालत होते. तांबडी शेळी भगदाडापासून वीस पावलांवर होती तेव्हा मी त्यात जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून काट्यांच्या फांद्या धरल्या आणि त्यांचाच नमुना तोडायचं नाटक करत राहिले.

म्हातारी समोर येऊन थांबली. माझ्या कोटाचा वास घेतला. तिच्या डोळ्यांत मला अगदी स्पष्ट दिसलं की ही बाई इथे का तडमडली हे तिला समजत नाही. मग ती वळली, आणि दोनशे शेळ्या तिच्यामागे एकेक करून वळल्या. मी अर्धा तास तिथे बेडं होऊन उभी होते. खाली उतरले तेव्हा खलफान म्हणाला, "सॅम्पल अच्छा मिला?" मी म्हटलं, "वाजिद अच्छा." अलीमियाँ जमिनीकडे पाहत होते, आणि त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं. खलफानला वाटलं घाम.

खाली उतरायच्या आधी मी अक्रमची अशी खरडपट्टी काढली की त्याने त्याच दुपारी भगदाड बुजवलं, आणि पुढे रोज सकाळी वईवरून एक फेरी मारायचा.

दुसऱ्या रिपोर्टात आकडे सगळे खरे होते. दूध उतरलं नव्हतं, अंग उतरलं नव्हतं. रोज वई तपासावी, गाढवं मोडतात, हेही मी लिहिलं. दोनच गोष्टी लिहिल्या नाहीत: अलीमियाँचं नाव, आणि तो माझा अर्धा तास. शेवटी लिहिलं, "या पद्धतीत गुराखी कोण आहे याने फरक पडत नाही." पहिल्या रिपोर्टात मी त्यांचं भलं करायला खरं लिहिलं आणि त्यांना गाडलं. दुसऱ्यात त्यांना पुसून टाकलं आणि सोडवलं. कंपनीने नंतर त्या वईचं एक रंगीत पत्रक काढलं, त्यावर बॉसचा आणि खलफानचा फोटो होता.

बकरी ईदनंतर खलफानने शब्द पाळला. पासपोर्ट काढून दिला, मिठी मारली, आणि खरोखर रडला. मला ते बघवेना. मार्चमध्ये अलीमियाँ डेपोवर निरोप घ्यायला आले, तेच निळ्या दोरीचं खोकं घेऊन. मी विचारलं, "सुमैय्यासाठी काय घेतलंत?" ते म्हणाले, "फ्रॉक. पण माप कुणाचं घेऊ? दुकानातल्या एका पोरीला उभं केलं, म्हटलं हिच्याएवढी असेल."

जुलैत पत्र आलं. आखीव कागद, शाळेतलं वळणदार अक्षर.

"सुहासिनी मावशींना सप्रेम नमस्कार. मी सुमैय्या, इयत्ता चौथी. ते आले. फ्रॉक मोठा झाला पण अम्मी म्हणते पुढच्या वर्षी बसेल. ते दिवसभर ओट्यावर बसतात. सगळ्यांनी वई घातली, आमचंच परस उघडं आहे. अम्मी किती ओरडली तरी ते घालत नाहीत. म्हणतात, मी आता कुणाला अडवणार नाही. शेजारच्या शेळ्या येऊन अम्मीची भेंडी खातात आणि ते बघत बसतात, आधी काय खाल्लं नि मग काय खाल्लं. शाळेत मुली म्हणतात, तुझा बाप तिकडे नुसता शेळ्या राखायचा. ते म्हणाले, सुहासिनी मावशींनी माझ्यावर कागद लिहिला होता. खरंच लिहिला होता का? असला तर पाठवा, मला मुलींना दाखवायचा आहे."

दोन पानांच्या पत्रात अब्बा हा शब्द कुठेच नव्हता. मी दोनदा शोधला.

कपाटात दोन्ही रिपोर्ट होते. ज्याने त्यांना सोडवलं त्यात त्यांचं नाव नव्हतं. नाव फक्त त्या पहिल्यात होतं, ज्याने या पोरीचा बाप चार वर्षं अडकवून ठेवला. दोन दिवस तो टेबलावर पडून होता. उपेंद्र म्हणाला, "पाठव की, एवढा काय विचार?" शेवटी मी त्याचा मराठी तर्जुमा करून सोबत जोडला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: "सुमैय्या, या कागदातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि या कागदामुळेच ते तुझ्याकडे चार वर्षं उशिरा आले. चूक माझी आहे, त्यांची नाही." पाकीट पोस्टात टाकलं आणि उत्तराची आशा सोडली.

उत्तर आलं सप्टेंबरात. या वेळी पोस्टकार्ड, चारच ओळी.

"कागद वर्गात वाचला. बाईंनी भिंतीवर लावायला मागितला पण मी दिला नाही. मागे लिहिलेलं अब्बांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, मावशींना कळव की कागदात चूक एकच आहे. शेळ्या बाराला नाही, अकराला वळवायचो, असं अब्बा म्हणाले."